जावक क्रमांक एकशे चौदा

४ फेब्रुवारी

सभा साडेपाचला होती. इतिवृत्त मी तीनलाच लिहून ठेवलं होतं. शेवटचं "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" हेसुद्धा! आठ वर्षांत ते वाक्य एकदाही बदलावं लागलेलं नाही. माणसं तीच, विषय तेच, जांभया त्याच. चहा संपला की अध्यक्षांपुढे वही सरकवायची, ते न वाचता सही करतात.

व्यापारी मंडळ म्हणे! लॉन्ड्रीच्या वरची एक खोली. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ. काचेचं टेबल, लोखंडी कपाट, भिंतीवर माजी अध्यक्षांचे नऊ फोटो — नवांच्या चेहऱ्यांवर एकच भाव, पोट बिघडल्याचा. आणि दारावर पाटी, "शहराच्या व्यापाराचा कणा". कण्याला पोक आलंय, ते कोण लिहिणार? लिहिणारी मीच, आणि मला पगार गप्प बसण्याचा मिळतो.

आज ठरवण्यात आलं की नवी सदस्य-सूची छापण्यात यावी. जुन्या सूचीतल्या चुका दुरुस्त करण्यात याव्यात. मंडळात कोणी काही करत नाही, सगळं "करण्यात येतं"! कोण करतं, विचारायची सोय नाही.

५ फेब्रुवारी

सलूनवाल्याचा फोन. जुन्या सूचीत दातांच्या दवाखान्यापुढे त्याचा नंबर छापलाय. दोन वर्षं लोक त्याला विचारतायत, दाढ काढताना दुखेल का. म्हणाला, आता मी सांगतो, अजिबात नाही, या!

८ फेब्रुवारी

झेरॉक्सच्या नव्या दुकानाचं उद्घाटन. अध्यक्षांचं दुकान नळ-पाइपांचं, पण खरी आवड फीत कापण्याची. कात्री स्वतःची बाळगतात, खिशात, चष्म्याच्या घरात घालून! दुकानदाराने हौसेने नवी आणलेली असली तरी "आहे, आहे, माझी आहे" म्हणत आपलीच काढतात. मी मनात त्यांना कात्रीबहाद्दर म्हणते.

फीत कापली, टाळ्या झाल्या, "मंडळ तुमच्या पाठीशी आहे" झालं. मी निघाले, पिशवी विसरली म्हणून परत गेले, तर अध्यक्ष काउंटरखाली आडवे! बेसिनचा नळ गळत होता, तो आवळत होते. पँटचे गुडघे ओले, टकलाला काउंटरची कड लागलेली. दुकानवाली बिचारी संकोचून उभी. अध्यक्ष म्हणायचं की प्लंबर? पदाची काही शान असते की नाही!

११ फेब्रुवारी

दुपारी अध्यक्षांचा फोन, मागे पाइपांचा खणखणाट. "बाई, घड्याळजी गेले हो. उद्या त्यांच्या जागी अनुमोदनाला कोणीतरी बघा." ठेवला फोन.

घड्याळजी म्हणजे घड्याळ दुरुस्तीवाले. बावीस वर्षं सभेला येतात आणि एकच शब्द बोलतात — अनुमोदन. वाईट वाटलं. माणूस जातोय तोच त्याच्या जागी कोण, ही आमच्या अध्यक्षांची माणुसकी! शोकप्रस्ताव लिहून टाकला. "मितभाषी, मनमिळाऊ व वेळेचे पक्के." शेवटचं बरं जमलंय.

१२ फेब्रुवारी

हसू की रडू!

अध्यक्ष कुठल्याशा फुटलेल्या पाइपापायी उशिरा येणार होते, म्हणून खुर्चीत उपाध्यक्ष गादीवाले. मी प्रस्ताव वाचला. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. गादीवाल्यांनी डोळे मिटले, दुःखाने की झोपेने ते सांगता यायचं नाही. तेवढ्यात दार उघडून घड्याळजी आत! सगळे उभे दिसल्यावर तेही दाराशीच मान खाली घालून उभे राहिले. कोणाला तोंड उघडायचा धीर होईना. दोन मिनिटं पूर्ण झाल्यावर हळूच गादीवाल्यांना — "कोण गेलं?"

गेले होते ते मुलीकडे! गेले म्हणजे गावाला. आणि गेलेही नव्हते, गाडी चुकली होती. मला घेरी यायची तेवढी बाकी. अध्यक्ष आले, त्यांना कोणीतरी सांगितलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाले — "चूक माझी. मीच फोनवर नीट बोललो नाही." नाहीतर काय! नुसतं "गेले" म्हणून फोन ठेवायचा असतो?

घड्याळजींनी प्रस्ताव मागून घेतला, डोळ्याला भिंग लावून वाचला. "मनमिळाऊ खोडा," म्हणाले.

१९ फेब्रुवारी

मंडळातर्फे मार्गदर्शन शिबिर — "ग्राहक आणि आपण". मार्गदर्शकाने जन्मात एक सुई विकलेली नाही. "रोज आरशासमोर पाच मिनिटं हसा. आता शेजाऱ्याकडे बघून हसा." तीस दुकानदार एकमेकांना दात दाखवत बसलेले. कुलूपवाल्याचं हसू बघून मी पर्स जवळ ओढली.

२६ फेब्रुवारी

आज हसण्यासारखं काही नाही.

नगरपालिकेची नोटीस आली. मागच्या गल्लीत सांडपाण्याची मोठी लाइन टाकणार. दोन्ही तोंडांना पत्रे ठोकून गल्ली बंद. आठ महिने! एकतीस दुकानं आहेत त्या गल्लीत, आणि त्यातलं अठरावं ताईचं.

भावोजी गेल्यापासून ताई तिथे कपडे दुरुस्त करते. चेन बदल, उंची कमी कर, कंबर ढिली कर. दोन मशीन, एक आरसा, एक स्टूल. मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहतो. तिचे गुडघे असे झालेत की दुकानातून स्वयंपाकघरात जायला तिला भिंत धरावी लागते. गिऱ्हाईक तिच्याकडे यायला हवं, ती कुठे जाऊ शकत नाही. गल्ली आठ महिने बंद म्हणजे दुकान कायमचं बंद. ताईला संध्याकाळी सांगितलं. सुईत दोरा घालत होती, तिसऱ्यांदा घातला. "बघू," म्हणाली.

२७ फेब्रुवारी

नोटिशीत खाली बारीक अक्षरात आहे — हरकती-सूचना २० मार्चपर्यंत. इंजिनिअरसाहेबांना फोन केला. म्हणाले, मंडळाचा ठराव आणि पत्र मुदतीत आलं तर अर्धी-अर्धी गल्ली खणू, एका बाजूने माणसं चालतील. एकेकट्या दुकानदाराच्या अर्जाने काही होणार नाही, मंडळाचं पत्र पाहिजे.

म्हणजे ताईचं दुकान आता कोणाच्या हातात? कात्रीबहाद्दर आणि गादीवाल्यांच्या! कपाळावर हात मारून घेतला.

१ मार्च

मी अध्यक्षांकडे स्वतःहून जाणार नव्हते. आठ वर्षांत घरचं एक काम सांगितलेलं नाही. तर आज तेच आले. "बाई, मागच्या गल्लीचा विषय पहिला घ्या. तुमच्या ताई आहेत ना तिथे?" आता आठवलं! "आणि ठरावाला सगळ्यांच्या सह्या जोडूया, जोर येईल."

सह्या गोळा करायला स्वतः फिरणार म्हणे. निवडणूक जवळ आलीय ना.

४ मार्च

एकतीस दुकानं फिरले खरे. ताईच्या दुकानात अर्धा तास बसले. स्टूल डुगडुगतं म्हणून पायाखाली पुठ्ठा घडी करून सरकवला. ताई खूश! "साधा माणूस आहे गं," म्हणाली. साध्या माणसांनी अध्यक्ष होऊ नये, दुकानात पुठ्ठे सरकवावेत.

६ मार्च

ठराव मंजूर. सूचक अध्यक्ष स्वतः, "अनुमोदन" घड्याळजी. गादीवाल्यांना बारा मिनिटं एकच शंका — खोदकामाची धूळ गाद्यांवर बसेल का. त्यांचं दुकान दुसऱ्या रस्त्यावर आहे! मग उरलेला सव्वा तास १४ तारखेचा सन्मान समारंभ. हार कोणाला, शाल कोणाला, कोणाचं नाव आधी. एकतीस दुकानांना वीस मिनिटं, बेचाळीस सन्मानपत्रांना सव्वा तास. मनात म्हटलं, हाच तुमचा कणा.

१२ मार्च

दिवसभर पाट्या टाकल्या. सन्मानपत्रं छापून आली, बेचाळीसच्या बेचाळीस सह्यांसाठी अध्यक्षांच्या दुकानात घेऊन गेले. बसायला पाइपांचं बंडल. ते सही करणार, मध्येच गिऱ्हाईक येणार, ते अर्ध्या इंचाचा नळ काढून देणार, पुन्हा सही. एका सन्मानपत्रावर ग्रीसचा अंगठा! पुसायला गेले तर आणखी पसरला.

गल्लीचं पत्रही त्याच गठ्ठ्यात उरकलं. जावक वहीत नोंद सकाळीच करून ठेवली होती, क्रमांक ११४, म्हणजे परत वही काढायला नको. "नगरपालिकेत हवं तर मी देतो," म्हणाले. म्हटलं, बघू. त्यांना समारंभाचंच सुचत होतं — सूत्रसंचालन कोण, माइक चालतो का. सगळं गोळा करून वर आले, कपाटाला किल्ली लावली, घरी.

ताईला सांगितलं, पत्र झालं. नोटीस आल्यापासून तिने पहिल्यांदा नीट जेवण केलं.

१४ मार्च

समारंभ झाला. सात सन्मानमूर्ती आलेच नाहीत, त्यांनाही टाळ्या! "उत्कृष्ट ग्राहकसेवा" कोणाला? सलूनवाल्याला! तो स्टेजवरून म्हणाला, दातांच्याही.

१५ मार्च

अंग दुखतंय. रजा.

२४ मार्च

सकाळी ठोकाठोकीने जाग आली. दार उघडलं, तर समोर पत्रे. गल्लीच्या दोन्ही तोंडांना, अख्खी गल्ली बंद. अर्धी-बिर्धी काही नाही!

तशीच मंडळात गेले. अध्यक्ष आधीच नगरपालिकेत जाऊन आले होते. घामाघूम. "बाई, ते म्हणतात पत्र मिळालंच नाही. कोणी नेलं होतं?"

मला हे विचारतात! म्हटलं, "पाठवण्यात आलं आहे. जावक क्रमांक एकशे चौदा." वही काढून समोर आपटली. बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. मग माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. एवढंच! जसं काही वहीत चित्रं काढलीयत.

२५ मार्च

आता आठवलं. "मी देतो" असं तेच म्हणाले होते, १२ तारखेला. मीच लिहून ठेवलंय इथे. म्हणजे माझ्या हातून घेतलं असणार आणि खिशात घालून विसरले. आणि काल मलाच विचारतात, कोणी नेलं! किती निगरगट्ट असावं माणसाने!

२८ मार्च

अध्यक्ष तीन दिवस नगरपालिकेत बाकावर बसून आहेत म्हणे. इंजिनिअरसाहेब म्हणतात, मुदत संपली, कंत्राटदाराने काम धरलं. तीन दिवसांत मिळवलं काय? खड्ड्यावरून टाकलेल्या दोन फळ्या! ताईच्या दारापर्यंत यायचं तर आडवं होऊन, पत्र्याला पाठ घासत. काल एक बाई कोट द्यायला आली, तिचा कोट पत्र्याला अडकून फाटला. ताईने तो फुकट शिवून दिला. त्यानंतर कोणी आलेलं नाही.

६ एप्रिल

आज कोणी आलं नाही.

९ एप्रिल

आजही नाही. ताई जुने कपडे उसवून पुन्हा शिवत बसलीय. हाताला सवय हवी म्हणते. मला बघवत नाही. त्या माणसाच्या एका खिशापायी! मंडळात गेले की त्याचं तोंड बघावं लागतं, आणि तो "ताई कशा आहेत?" विचारतो. मी उत्तर देत नाही.

१८ एप्रिल

सर्वसाधारण सभा. लॉन्ड्रीवरची खोली पुरणार नव्हती, शाळेचा हॉल घेतला. दोनशे माणसं. मागच्या गल्लीतले सगळे पुढे बसलेले. चपलांच्या दुकानवाला उभा राहिला — "आम्ही सह्या दिल्या, मग पत्र गेलं कुठे? कोण खाऊन बसलं?" आरडाओरडा. मग गादीवाले, झोपेतून उठल्यासारखे — "पत्रव्यवहार बाई बघतात. बाईंना विचारा."

दोनशे माना माझ्याकडे वळल्या. माझ्याकडे! माझी सख्खी बहीण त्या गल्लीत आहे! वही हातात घेऊन उभी राहणार, तेवढ्यात अध्यक्ष उठले.

"बाईंचा संबंध नाही. त्यांनी पत्र वेळेत तयार केलं. मी नेतो म्हणून घेतलं आणि माझ्याकडेच राहिलं. चूक माझी आहे."

जे काही झालं त्यानंतर! कोणी खुर्ची आपटली, कोणी घाणेरडं बोललं. ते उभेच. खिशातून राजीनामा काढला, आधीच लिहून आणलेला. माझ्याकडे दिला. मी घेतला. घेताना त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कबूल झाला एकदाचा! कान निवले. "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली" — आठ वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य खोडलं. दोन रेघा मारल्या. इतकं बरं वाटलं!

२१ एप्रिल

संध्याकाळी दारात हजर. पत्र्याला घासून आलेले, शर्टाच्या पाठीवर गंजाची रेघ. "ताईंना भेटायचं होतं." मी उंबऱ्यात उभी राहिले. म्हटलं, काय कापायला आलात? फीत नाही आमच्याकडे. दुकान बंद होतंय, उघडत नाही.

थोडा वेळ उभे राहिले, मग फळ्यांवरून सांभाळत परत गेले. माजी अध्यक्ष! दहावा फोटो लावायला मी खिळासुद्धा देणार नाही.

ताई आतून ऐकत होती. "बसायला तरी सांगायचं होतंस." म्हटलं, कशाला? तुझं वाटोळं केलं त्याने. म्हणाली, "विसरतो माणूस. कबूल कोण करतं?" ताईचं हे असंच. उद्या कोणी हिचं घर जाळलं तर काडीपेटी त्याला परत देईल.

३ मे

ठरलं. ताई भाचीकडे जाणार. तिच्या घरात एकच मशीन मावेल, दुसरं पिशव्या शिवणाऱ्या बाईंना देऊन टाकलं. आरसा मी ठेवून घेणार. रविवारी गाडी. पुढच्या महिन्यात खोल्याही सोडायच्या, मला एक खोली बघावी लागेल. बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा एकटी राहणार आहे. त्याचं काही नाही. पण ताईशिवाय संध्याकाळी कोणाशी भांडायचं?

५ मे

गादीवाले नवे अध्यक्ष. सर्वानुमते. पहिला ठराव, खुर्च्यांना नव्या गाद्या.

९ मे

गादीवाल्यांना कपाट रिकामं करून हवं होतं. दुपारी काढायला बसले. वरच्या कप्प्यात समारंभाला न आलेल्यांची सात सन्मानपत्रं. पाचव्याच्या खाली ते पत्र. सही, शिक्का, १२ मार्च, सोबत एकतीस सह्या. कपाटाची किल्ली आठ वर्षं एकट्या माझ्याकडे असते. त्यांना ते माहीत होतं. हॉलमध्ये उभे राहिले तेव्हा माहीत होतं, आणि त्या संध्याकाळी दारात उभे होते तेव्हाही.

घरी आले तर ताई आत भाचीशी फोनवर बोलत होती — "नाही गं, तिचा काय दोष? तिने तिचं काम चोख केलं होतं. माझ्यासाठी केलं होतं."

मी अजून पायरीवरच बसले आहे.